दाखल न झालेली चित्रकथा

"काकू, तुम्ही उलटं धरलंय."

पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलाने माझ्या हातातली मांगा घेतली, पुस्तक मागच्या बाजूने उघडलं आणि पानावर बोट ठेवून दाखवलं. आधी उजवीकडची चौकट, मग डावीकडची, मग खालची ओळ. जपानी पुस्तकं अशी वाचतात हे मला ठाऊक होतं, पण बोटाने वाट दाखवणारं कोणी भेटलं नव्हतं. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईला तो वाचायला शिकवत होता, आणि तेही अगदी मनापासून. मी मराठी वाचते हे कळल्यावर त्याने विचारलं, "आमचे बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी वेताळ मराठीत यायचा. तो आता कुठे वाचायला मिळेल?"

पुण्यात भरलेल्या कॉमिक्सच्या एका संमेलनात मी दिवसभर हिंडत होते. नारुतो होऊन आलेली मुलं होती. पुठ्ठ्याचे पंख लावलेली एक मुलगी होती आणि तिच्यामागे डिंकाची ट्यूब घेऊन तिची आई. या हौसेत खोटं काही नव्हतं. रात्र-रात्र जागून शिवलेले ते पोशाख होते. मी सगळे गाळे पाहिले. इंग्रजी पुस्तकं होती, हिंदी अंक होते, चित्रकार स्वतः बसून सह्या देत होते. त्यातल्या निम्म्या जणांशी मी मराठीत बोलले. मराठी चित्रकथेचं पुस्तक मात्र मला एकही दिसलं नाही. आयोजकांना दोष देण्यात अर्थ नाही. जे छापलं जात नाही ते गाळ्यावर कुठून येणार? आणि जे छापलं गेलं होतं त्याचं आपण काय केलं, हा प्रश्न माझ्यासारख्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

चित्रांमागून चित्रं मांडून गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले कागद एकेक करून समोर धरत आणि गाऊन कथा सांगत. ती चित्रं आज पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही पाहता येतात, कारण ती जपण्याजोगी आहेत असं कोणाला तरी वाटलं. छापील चित्रकथेला असा संग्राहक मिळाला नाही.

तिचाही इतिहास काही थोडा नाही. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये सुरू झाली आणि १९९०पर्यंत चालली. अंकांची संख्या आठशेच्या घरात गेली. ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला आणि घराघरांत शिरला. त्याच इंद्रजालमध्ये काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्र कथा' उभी केली. 'कृष्ण' या अंकाची चित्रं राम वाईरकरांची होती. पुढे 'टिंकल'मधला सुपंडी आपल्याला दिसला तोही त्यांच्याच हातचा. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेसाठी पुष्कळ अंक रंगवले, आणि १९८६ साली हिंदीत नागराज आला तेव्हा त्याची पहिली चित्रंही त्यांनीच काढली. फेब्रुवारी २०११मध्ये दिल्ली हाटमध्ये भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं. तिथे पैंना जीवनगौरव देण्यात आला आणि त्यानंतर पाचच दिवसांनी ते गेले.

म्हणजे हात आपल्याकडे होते आणि वाचकही होते. मराठीतून स्वतंत्रपणे उगवलेली चित्रकथा मात्र छोट्या जागेत वाढली. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू आला. रोजच्या तीन-चार चौकटींत त्यांनी पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराची भाषा, वाड्यातून सोसायटीत गेलेलं बालपण, आई-पप्पांची ओढाताण इतकी नेमकी पकडली, की कोणी समाजशास्त्रज्ञाने ती फाइल वर्षवार वाचावी. शि. द. फडणीसांनी शब्दांवाचून हसवलं आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातून आकड्यांची भीती घालवली. १९७१पासून निघणाऱ्या 'किशोर'ने चित्रकारांच्या पिढ्यांना काम दिलं. दिवाळी अंकांनी व्यंगचित्राला मानाचं पान दिलं. एका चित्राच्या आणि चार चौकटींच्या कलेत मराठी माणूस कुणाहून उणा नाही.

अडतं ते लांब पल्ल्याला. शंभर-दीडशे पानांची चित्रकादंबरी काढायला एका माणसाची वर्ष-दोन वर्षं जातात. प्रकाशक मुखपृष्ठाच्या हिशेबाने मानधन देतो, तेव्हा तो माणूस जाहिरातीकडे, अॅनिमेशनकडे नाहीतर इंग्रजीकडे वळतो. मग आपले विषयही इंग्रजीतच चितारले जातात. याची दोन उदाहरणं मला सारखी टोचतात. नर्मदा आंदोलनावरचं ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली 'कल्पवृक्ष'ने काढलं. ही संस्था आज पुण्यातून काम करते आणि त्या नदीचा एक काठ आपल्या नंदुरबारचा आहे. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर बेतलेलं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' २०११ साली दिल्लीच्या 'नवयान'ने प्रसिद्ध केलं. शब्द श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रं अपराजिता निनन यांची. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत लिहिली गेली. १८७३मध्ये जोतीरावांनी ज्यांच्यासाठी रोखठोक मराठीत लिहिलं, त्यांच्या पणतवंडांच्या हाती चित्रांतले जोतीराव आधी इंग्रजीत पडावेत, याचं मला वाईट वाटतं.

अडचण तंत्राचीही आहे. गाळ्यावर मी एक इंग्रजी पान निरखून पाहिलं. फुग्यातली अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, एकसारख्या उंचीची; ओळीवर ओळ चिकटून बसते. त्याच फुग्यात मराठी घालून पाहा. वरून वेलांटी आणि मात्रा येते, खालून उकार येतो, मध्ये जोडाक्षर रुंद होतं. मग अक्षर बारीक करावं लागतं किंवा वाक्य तोडावं लागतं. अनुवादित चित्रकथांमधलं मराठी अवघडलेलं वाटतं, त्याचं एक कारण हे आहे. मराठीसाठी काढलेल्या चौकटीत फुगा मुळातच उंच हवा. आवाजांचंही तसंच. खळ्ळकन, धपकन, सुळकन, चर्रर्र: ध्वनी दाखवणाऱ्या शब्दांची आपल्या भाषेत एवढी श्रीमंती आहे, की चित्रकाराने ती नुसती अक्षरांच्या आकारातून खेळवली तरी पान बोलेल. हे शिकायचं तर पूर्वीच्यांनी काय केलं ते डोळ्यांसमोर हवं.

आणि इथे दोष आमच्याकडे येतो. बत्तीस पानांचा, मधोमध टाचण्या मारलेला अंक हे ग्रंथालयाच्या लेखी पुस्तक नसतं. तो नियतकालिकांत धरला जातो आणि वर्ष सरलं की मोकळा होतो. या प्रकाराबद्दलचा संशयही जुना आहे: मुलांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांचा कायदा १९५६ साली झाला, त्याच्या व्याख्येत चित्रांतून सांगितलेल्या गोष्टी आवर्जून घेतल्या आहेत. मी नोकरीला लागले त्या वर्षी, एका ग्रंथालयात, वेताळच्या अंकांचे दोन गठ्ठे रद्दीत गेले. पावतीवर सही माझी होती. कोणी चुकीचं वागलं नव्हतं; त्या अंकांना दाखल क्रमांकच नव्हता, म्हणून ते कधी आमचे झालेच नव्हते. ड्युईच्या दशांश पद्धतीत चित्रकथेला ७४१.५ हा स्वतःचा क्रमांक आहे. तो मला तोंडपाठ होता.

रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं आहे. संमेलनातला तो मुलगा वाचकच होता. एका परक्या देशाची पान उलटण्याची रीत शिकून तो वाचत होता, आणि बापाच्या भाषेतलं पुस्तक मागत होता.

मोठा निधी लागेल अशी मागणी मी करत नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या ट्रंकांत इंद्रजालचे मराठी अंक अजून आहेत. घर आवरताना ते आधी ग्रंथालयाला विचारून मग टाकावेत. जिल्ह्यात निदान एका ग्रंथालयाने ते बाइंडिंग करून, क्रमांक देऊन ठेवावेत. सूचीत लेखकाबरोबर चित्रकाराची आणि अक्षरं काढणाऱ्याचीही नोंद व्हावी, म्हणजे मुळीकांचं काम शोधणाऱ्याला ते एका नावाखाली सापडेल. आणि प्रकाशकांनी वर्षाला एक तरी चित्रकादंबरी मूळ मराठीतून करून घ्यावी. पहिल्या काही प्रती आम्ही ग्रंथालयं घेऊ, एवढा शब्द आपसांत ठरवून देता येतो.

त्या मुलाला मी वेताळचा पत्ता देऊ शकले नाही. त्याचा नंबर मात्र घेतला आणि ग्रंथालयाचं नाव लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या दिराने माळ्यावरून अकरा अंक काढून दिले. तीन अंकांची मुखपृष्ठं गेलेली आहेत, एका अंकावर कोणीतरी पेनने मिशा काढल्या आहेत. नोंदवहीत त्यांचे अकरा क्रमांक घातले. शेऱ्याच्या रकान्यात चित्रकाराचं नाव लिहायला जागा अपुरी पडली, म्हणून पट्टी घेऊन एक रकाना वाढवला आणि मुलाला फोन केला.