माळावरच्या सोन्याचा कंटाळा

दसरा सरला, माळ पिवळे पडू लागले, की मॅक्रो लेन्सवाल्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. कासची फुलं टिपून झालेली मंडळी आता सासवड-सुप्याकडे गवतात पालथी पडलेली दिसतात. येताना कपड्यांत कुसळं आणि कार्डात जवळपास एकच फोटो घेऊन येतात: मावळता सूर्य पाठीशी, एक तुरा लखलखीत, बाकी सारं विरघळलेलं सोनं. तो तुरा पवन्याचा की मारवेलाचा, हे त्यातून कळत नाही. बहुतेकांना ते कळावं असं वाटतही नाही.

हा प्रकार मुळात इतका साचेबंद नव्हता. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी वनस्पतींची घडण विद्यार्थ्यांना दिसावी म्हणून कोंब, देठ, बोंडं अनेक पटींनी मोठी करून टिपली. १९२८च्या ‘उरफॉर्मेन डर कुन्स्ट’ या पुस्तकात अशी १२० छायाचित्रं आहेत. पार्श्वभूमी कोरी, प्रकाश संयत. हॅरी कॅलाहन यांनी १९४३मध्ये डेट्रॉइटला बर्फातलं वाळकं तण टिपलं आणि बर्फाचा पोतच प्रिंटमधून उडवून लावला. उरल्या त्या बोरूने ओढाव्यात तशा काळ्या रेघा. एलियट पोर्टर यांनी अमेरिकी लेखक थोरोच्या उताऱ्यांसोबत १९६२मध्ये जे पुस्तक केलं, त्यात रंग आहे, पण तो भुरळ घालण्यापुरता नाही. एकच काडी नायक करण्यापेक्षा गुंता गुंता म्हणून दाखवण्याकडे त्यांचा ओढा होता.

आज अडचण तंत्राची उरलेली नाही, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. १:१ मोठेपणावर एफ/८ ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर खोली धारदार येते; छिद्र फार लहान करावं तर विवर्तनाने चित्र बोथट होतं. म्हणून फोकस स्टॅकिंग: बिंदू सरकवत काढलेल्या अनेक फोटोंचा एक फोटो. पण त्यासाठी विषय हलता कामा नये, आणि गवत तर फुंकरीनेही डुलतं. मग काडी कापून घरी येते, चिमट्यात अडकते, मागे धूसर रंगांचा छापील कागद लागतो. ब्लॉसफेल्टही कापलेलेच नमुने वापरत, पण त्यांची कोरी पार्श्वभूमी ते उघड सांगते. इथे मात्र माळाचा आव आणला जातो.

माळ तर चौकटीबाहेरच राहतो. चरणारी मेंढरं, प्लॉटिंगचे खांब यांना त्या सोनेरी धुक्यात जागा नसते. सरकारी दप्तरात गवताळ जमिनी पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून लागतात. एकुलत्या तुऱ्याचे फोटो त्या नोंदीला धक्काही लावत नाहीत.

आणि खरा विषय पायाशीच असतो. कुसळी गवताचं लांब कुसळ वाळलं की पीळ खातं, ओल लागली की उलगडतं. या फिरण्यातूनच बी मातीत शिरतं. एका फोटोत ते मावणार नाही, मालिका करावी लागेल. त्यासाठी घरातला चिमटाही चालेल, फक्त पाण्याचा थेंब कुणी सोडला ते फोटोखाली लिहावं.