रुपया, हजेरी आणि करवतीचे दात

तीस मुलांच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये आणि एकतीस मुलांच्या शाळेला पंचवीस हजार. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदानाचा हा हिशोब औसा तालुक्यातल्या वाडी-तांड्यावरच्या शिक्षकांना तोंडपाठ असतो. पटाचे पुढचे टप्पे असे : १०० मुलांपर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. खडू, हजेरीपट, वीजबिल, पिण्याचे पाणी, डागडुजी, स्वच्छतागृहाची निगा, सारे यातूनच भागवायचे.

आपल्या आठवीच्या वर्गात आलेखाच्या कागदावर हे आकडे मांडून पाहावेत, असे आम्ही सुचवू. आडव्या अक्षावर पट घ्यावा आणि उभ्या अक्षावर दर मुलामागे पडणारी रक्कम. आठ मुलांच्या शाळेत ती १,२५० रुपये येते. तीस मुलांना ३३३. एकतिसावे मूल आले की एकदम ८०६. मग उतरत उतरत शंभराला २५०, एकशेएकाला उडी मारून ४९५, अडीचशेला पुन्हा २००. कागदावर करवतीचे दात उमटतात. पाणी ९९ अंशांवर पाणीच असते आणि १०० अंशांना त्याची वाफ होऊ लागते. तिथे असा अचानक बदल होतो त्याला कारण आहे, आणि ते आपण मुलांना समजावून सांगू शकतो. तिसाव्या आणि एकतिसाव्या मुलाच्या मध्ये असे काय घडते?

टप्पे पाडणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवे. शाळा कितीही लहान असली तरी तिला एक कुलूप, एक फळा आणि एक विजेचा मीटर लागतोच. हा ठराविक खर्च भागावा म्हणून छोट्या शाळेला दर मुलामागे जास्त रक्कम देणे योग्यच आहे. पण ते टप्प्यांशिवायही साधते. समजा, प्रत्येक शाळेला १०,००० रुपये ठराविक आणि शिवाय मुलामागे २०० रुपये दिले, तर तीस मुलांना १६,००० आणि एकतीस मुलांना १६,२०० होतील. आलेख सरळ रेषेत चढेल आणि एक कुटुंब गाव सोडून गेले म्हणून शाळेचे पंधरा हजार जाणार नाहीत. सातवीत शिकवले जाणारे हे गणित आहे.

गाव सोडून जाणे ही या भागात कल्पनेतली गोष्ट नाही. यू-डायसची पटनोंदणी ३० सप्टेंबर या तारखेची धरली जाते. (किल्लारी याच तालुक्यातले, १९९३ साली याच तारखेच्या पहाटे तिथे भूकंप झाला. औशाच्या माणसाला ही तारीख पटासाठी लक्षात ठेवावी लागत नाही.) त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि ऊसतोडीला जाणारी जोडपी बिऱ्हाड बांधतात. मागे आजी असली तर मूल गावात राहते, नाही तर फडावर जाते.

आता मुलींच्या उपस्थिती भत्त्याकडे पाहू. राज्य शासनाने १९९२ मध्ये ही योजना आणली. पहिली ते चौथीत शिकणाऱ्या दुर्बल घटकांतील मुलींसाठी, हजर दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये आणि अट ७५ टक्के उपस्थितीची. हेतू चांगला होता आणि त्या वेळी रुपयाला किंमतही होती. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून पाहिले तर १९९२ ते २०२२ या काळात महागाई सुमारे सातपट झाली. भत्ता मात्र त्या तीस वर्षांत रुपयाच राहिला, म्हणजे मूळच्या चौदा-पंधरा पैशांवर आला. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. मुलीच्या खात्याच्या कामासाठी आईने वाडीवरून औशाच्या बँकेत एक चक्कर मारली आणि त्या दिवसाचा रोज बुडाला, तर वर्षाचा भत्ता त्यातच संपतो.

त्याहून वाईट आहे ती ७५ टक्क्यांची अट. जी मुलगी चार-पाच महिने फडावर असते तिलाच मदतीची सर्वांत अधिक गरज, आणि नेमकी तीच अटीबाहेर पडते. मग दयाळू शिक्षकाच्या हाताला हजेरीपटावर खाडाखोड करण्याचा मोह होतो. आम्ही त्याला दोष देणार नाही. पण हजेरीपट हे शाळेचे मोजण्याचे साधन आहे, आणि साधनालाच पैसे बांधले की ते खरे माप दाखवेनासे होते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबाबत असेच म्हटले होते. ते आपल्या हजेरीपटालाही लागू पडते.

शासनाला याहून चांगली रचना माहीत नाही, असे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मध्यान्ह भोजन योजना सुरू झाली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना दरमहा तीन किलो धान्य घरी मिळे, आणि त्यालाही ८० टक्के हजेरीची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि ही अट आपोआप निरर्थक झाली. जो आला तो जेवला. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० उष्मांक व २० ग्रॅम. शिजवण्याचा खर्चही महागाईकडे पाहून वाढवला जातो : प्राथमिकसाठी दर ताटामागे ६ रुपये १९ पैशांचे १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे झाले. वाढ पुरेशी आहे का, हा वाद वेगळा. पण जिथे निर्देशांक ताटाला लावता येतो तिथे तो भत्त्याला का लावता येऊ नये?

आठवीतल्या हुशार मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. वर्षाचे १२,००० रुपये आणि महाराष्ट्राला ११,६८२ जागा. औशाहून जवळच असलेल्या लातुरात शिकवण्यांचे एवढे मोठे पेव फुटले असताना जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाने ती मिळवणे आनंदाचेच. पण ती निवडक मुलांची; पहिली ते चौथीतल्या मुलीला तिचा उपयोग नाही.

त्या मुलीपुरते बोलायचे तर दोन दुरुस्त्या पुरतील. टक्क्यांची अट काढून ती जितके दिवस आली तितक्या दिवसांचे पैसे द्यावेत, आणि दर महागाईबरोबर चढवावा. जून ते ऑक्टोबर आणि परत आल्यावर एप्रिलमध्ये मिळून ती ११० दिवस शाळेत बसली, तर सात रुपयांच्या दराने तिचे ७७० रुपये होतात. योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे तिच्या नावापुढे शून्य येते.