सकाळ घेतली, संध्याकाळ गाळली

गेल्या पावसाळ्यात माझी ऑन-कॉल ड्युटी लागोपाठ आली. अमेरिकेतल्या क्लायंटचा सर्व्हर नेमका आपल्याकडच्या पहाटे तीनला झोपायचा आणि मला उठवायचा. झोपेचं पार खोबरं झालं. त्या दिवसांत मला एक व्हिडिओ सापडला : ताओ मठातलं सकाळचं पठण, 'यिन-यांग संतुलन, संपूर्ण शरीराचं हीलिंग'. लाकडी वाद्याची टकटक, मधूनच घंटेचा लांबत जाणारा नाद आणि एका लयीत म्हणणारे पंधरा-वीस गळे. वीस मिनिटांचा तुकडा, लूपवर.

खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. इतकं बरं की डॉक्टरांनी नुकतीच सुरू केलेली बीपीची गोळी मी परस्पर बंद केली. आठवडाभरात वरचा आकडा १६०च्या घरात गेला आणि डॉक्टरांची बोलणी खाऊन गोळी पुन्हा सुरू झाली. मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. जे ऐकून मी हा उद्योग केला, त्यात मुळात लिहिलंय काय? डॉक्युमेंटेशन न वाचता औषध बदलणारा मी पहिलाच नसेन, पण निदान आता तरी वाचावं.

हे पठण ताओ धर्माच्या छ्वानचन पंथाचं. वांग छोंगयांग (१११३–११७०) यांनी हा पंथ स्थापन केला. बीजिंगमधला श्वेतमेघ मठ, म्हणजे बाइयुन ग्वान, हे त्याचं मोठं केंद्र. मठात दिवसातून दोनदा पाठ होतो, सकाळी आणि संध्याकाळी. तो म्हणायच्या चालींना 'दशदिशांच्या चाली' म्हणतात. कारण सरळ आहे : भटका साधू कुठल्याही मठातून आला तरी त्याला लगेच बाकीच्यांच्या सुरात मिसळता यावं. आमच्या भाषेत, सगळ्या मठांनी मान्य केलेला एक प्रोटोकॉल. हेडफोन लावून एकट्यानं ऐकायची ही चीज नव्हेच, हे इथंच कळतं.

सकाळच्या पाठाची सुरुवात छोट्या मंत्रांनी होते. पहिला मन शुद्ध करण्याचा, दुसरा तोंड, तिसरा शरीर. इथपर्यंत 'वेलनेस'वाल्यांना सोयीचं आहे. पण चौथा मंत्र त्या जागेच्या भूमिदेवतेसाठी आहे आणि पाचवा आकाश-पृथ्वीच्या शुद्धीसाठी. त्यानंतर धूप आणि पुढचे मंत्र. म्हणजे 'मी' तीन पायऱ्यांत आटोपतो आणि मग पाठ बाहेर पडतो, जमिनीकडे, जगाकडे. रचना म्हणून मला ही हालचाल फार आवडली. व्हिडिओत मात्र सगळं उलटं वळवलेलं : जग गायब आणि माझं यकृत, माझं हृदय, माझी झोप एवढंच शिल्लक.

मंत्रांनंतर येणाऱ्या सूत्रांमध्ये 'छिंगचिंग चिंग' हे महत्त्वाचं. निर्मळपणा आणि निश्चलता यांचं हे सूत्र, थांग काळातलं, जेमतेम चारशे चिनी अक्षरांचं. जेम्स लेग यांचा इंग्रजी अनुवाद १८९१ साली मॅक्स म्युलर यांच्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' मालेत आला. मी तोच वाचला. सूत्रात जोड्याच जोड्या आहेत : निर्मळ आणि गढूळ, हलतं आणि स्थिर, आकाश आणि पृथ्वी. पण या जोड्या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या समोरासमोर बसवलेल्या नाहीत. गढुळाचा उगम निर्मळात आहे, स्थिराचा पाया हलत्यात आहे, असं सूत्र म्हणतं. एकातून दुसरं निघतं. पुढे सांगतं की माणसाच्या आत्म्याला मुळात निर्मळपणाच आवडतो, पण मन त्याला ढवळतं आणि मनाला ओढते ती इच्छा.

आता गंमत बघा. मी हे पठण कशासाठी लावत होतो? बीपी उतरावं, झोप लागावं, उद्याच्या स्टँडअपला ताजंतवानं दिसावं म्हणून. ज्या सूत्राचा सगळा रोख इच्छेवर आहे, ते मी इच्छांची यादी हातात घेऊन ऐकत होतो.

'यिन-यांग' या शब्दांचंही तेच झालंय. मुळात यिन म्हणजे डोंगराची सावलीतली बाजू आणि यांग म्हणजे उन्हातली. डोंगर एकच. दिवसभरात ऊन सरकतं, सावली सरकते. यात काटा बरोबर मध्यावर आणून थांबवणं कुठे आलं? पण 'तुमचं यिन-यांग ५०-५० करून देतो' हे विकायला सोपं जातं.

पण खरा घोटाळा मला नंतर सापडला. सकाळचा पाठ प्रामुख्यानं जिवंतांसाठी असतो, शुद्धीसाठी आणि कल्याणासाठी. संध्याकाळचा पाठ प्रामुख्यानं मेलेल्यांसाठी असतो, भटकणाऱ्या, दुःखात अडकलेल्या जिवांच्या सुटकेसाठी. मठाच्या दिवसात यिन-यांगचा तोल असेल तर तो या दोन पाठांमध्ये आहे. अर्धा दिवस जिवंतांचा, अर्धा मृतांचा. आपल्याकडे काकडआरती आणि शेजारती मिळून देवाचा दिवस पुरा होतो, तसंच काहीसं. कुणी नुसती काकडआरती विकायला काढली आणि वर 'संतुलन' असं लेबल लावलं, तर? व्हिडिओवाल्यांनी नेमकं हेच केलंय. यिनचा अर्धा भाग कापून टाकलाय आणि उरलेल्याला यिन-यांग म्हटलंय.

इथं एक सोपा मोह होतो : 'खरा ताओ धर्म आरोग्याच्या भानगडीत पडत नाही, हे सगळं बाजारानं केलं' असं म्हणून मोकळं व्हायचं. ते खरं नाही. जीव जपण्याच्या साधना ताओ परंपरेत जुन्याच आहेत. सहा ध्वनींची श्वाससाधना थाओ होंगचिंग (४५६–५३६) यांच्या नावावरच्या ग्रंथात येते. आपणही दिवा लावताना देवाकडे आरोग्य मागतोच. आरोग्य मागण्यात गैर काही नाही. ते मिळेल अशी हमी देण्यात आहे.

या हमीबद्दल छ्वानचन पंथाची स्वतःची एक गोष्ट आहे. वांग छोंगयांग यांचे शिष्य छ्यू छूची १२२२ साली, वयाच्या सत्तरीत, चीनमधून थेट हिंदुकुशपर्यंत गेले. बोलावणं चंगेज खानाचं होतं. अमर होण्याचं औषध आणलंत का, असं खानानं विचारलं. छ्यू यांनी सांगितलं की जीव जपण्याचे मार्ग आहेत, अमरत्वाचं औषध नाही. वर वासना आवरण्याचा सल्ला दिला. समोर त्या काळचा सगळ्यात बलाढ्य ग्राहक बसला होता आणि यांनी त्याला खोटं विकलं नाही. १२२७ साली दोघेही वारले. छ्यू यांचे अवशेष श्वेतमेघ मठात आहेत. म्हणजे ज्या परंपरेच्या नावानं आज 'संपूर्ण हीलिंग' विकलं जातं, तिच्याच एका मोठ्या आचार्यानं आठशे वर्षांपूर्वी हे औषध नसल्याचं सांगून ठेवलंय.

मग मला बरं का वाटायचं? एक साधं कारण श्वासात असू शकतं. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २३ निरोगी माणसांनी लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हटला, तेव्हा दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. ताओ पठण त्यात नव्हतं. आणि ती माणसं स्वतः म्हणत होती, मी नुसता ऐकत होतो. पण व्हिडिओबरोबर माझाही श्वास संथ होत असणार, एवढं मी मानतो. तेवढंच मानतो. संथ श्वास ही चांगली गोष्ट आहे, ती गोळीची बदली नव्हे.

आता मी गोळी वेळेवर घेतो आणि संध्याकाळचा पाठही शोधून ऐकतो. पहिल्यांदा ऐकताना आजी आठवली. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ती गेली. तिचा दहावा मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून लॅपटॉपवर पाहिला, मध्येच नेट गेलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. त्यानंतर तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं. पाठ चालू असताना बीपी, झोप, स्टँडअप यातलं काही डोक्यात आलं नाही. वीस मिनिटांनी पाठ संपला, तेव्हा तो लूपवर लावावा असंही वाटलं नाही. उठून घरी आईला फोन केला.