नाला, नदी आणि आपली समीक्षा

जून 2024 मध्ये लखनऊच्या अकबरनगरातली घरं पाडली जात होती, तेव्हा मी त्याच शहरातल्या, विमानतळाजवळच्या अमौसीत भाड्याच्या खोलीत कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचत होतो. खिडकीवरून विमानं उतरायची. ज्याला लोक आयुष्यभर कुकरैल नाला म्हणत आले, त्याला आता सरकारी कागद कुकरैल नदी म्हणत होते, आणि नदीचं पात्र मोकळं करायला वस्ती उठवली जात होती. मुंबईत याच्या उलट घडलं. मिठीला आपण नाला म्हणत राहिलो आणि तिच्यात भराव पडत गेला, विमानतळासाठी तिचा प्रवाह वळवला गेला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुठे ती नदी असल्याचं शहराला आठवलं.

त्याच दिवसांत एका चर्चासत्राचे निबंध हाती आले. विषय पर्यावरणवादी समीक्षा. काम मात्र कवितेतली झाडं आणि पाखरं मोजण्याचं. एवढ्या पानांत ‘भूसंपादन’ हा शब्द नाही. त्या संतापातून हे लिहितो आहे.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आणि चितमपल्लींचं रान आपल्या पदरी आहे, ते थोर आहे. त्यांच्या मागून आलेलं बहुतेक ललित लेखन म्हणजे सहलीची टिपणं. वसुंधरेच्या हाका मारणाऱ्या कवितांबद्दल बोलायलाच नको.

खरी वाट वेगळी आहे. ‘सत्तांतर’मध्ये व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा इतका नेमका पाहिला की निसर्ग शोभेचा राहिलाच नाही. 1991 च्या ‘झाडाझडती’त विश्वास पाटलांनी धरणग्रस्तांना कचेऱ्यांच्या दारात उभं केलं आणि फायलींची भाषा कादंबरीत आणली. ‘रिंगाण’मध्ये खोत त्याहून पुढे जातात. विस्थापित माणूस आणि मागे राहून रानटी झालेली म्हैस यांना ते समोरासमोर आणतात. ज्या जनावराला माणसानं नाव दिलं, दावं दिलं, ते आता त्याला ओळखत नाही. कुठल्याही प्रकल्प अहवालात या नुकसानीला रकाना नाही. कादंबरीतली पन्हाळ्याकडची बोली हे नुकसान सांगू शकते, कारण गुरं, चारा, पाऊस यांसाठी तिच्याकडे कामाचे शब्द आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की कादंबरी आणि भूसंपादनाची नोटीस एकाच टेबलावर ठेवून वाचा. धरणाच्या नकाशावर ‘लाभक्षेत्र’ आणि ‘बुडीत क्षेत्र’ शेजारी असतात. लाभ कुणाचा ते लिहिलेलं नसतं. बुडतं ते जणू आपोआप बुडतं, बुडवणारा वाक्यात येतच नाही. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द तर पुनर्वसनाच्या सरकारी कागदांत सर्रास येतो. माणूस ग्रहणानं ग्रस्त व्हावा तसा प्रकल्पानं! मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये धरणाविरुद्ध ‘जान किंवा जमीन’ म्हटलं, तेव्हा स्वतःची बाजू सांगायला त्यांनी सरकारकडून शब्द उसना घेतला नव्हता. शंभर वर्षांनंतर आपली विद्यापीठं परदेशी संज्ञांची भाषांतरं घोकतात आणि तलाठ्याच्या दप्तरातल्या ‘पोटखराबा’कडे बघतही नाहीत. या शब्दाखाली लागवडीला नालायक ठरलेली जमीन मोडते. त्या जमिनीवर गुरं चारणाऱ्याला विचारा, तो तिथलं गवत नावानिशी सांगेल.

अमौसीतल्या माझ्या घरमालकीणबाई अजून ‘नाला’च म्हणतात. अकबरनगर पाडल्याची बातमी वाचून त्यांनी मला विचारलं, नदी होती तर आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही? त्या चर्चासत्रातल्या एकाही निबंधाला हा प्रश्न पडलेला नाही.