पोथी, पुराणिक आणि भाकर

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आपल्या वाङ्मयेतिहासात विचित्र जागी बसले आहे. नाव सर्वांना ठाऊक. वाचणारा मात्र क्वचित भेटतो. मराठीच्या स्तुतीच्या चार-दोन ओव्या तेवढ्या पाठ्यपुस्तकांतून फिरतात. मी जित्यासारख्या गावचा शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, काही कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच वाङ्मयाशी सोयरीक. मीही वर्षानुवर्षे त्याच ओव्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. एके दिवशी एका मुलाने विचारले, "गुरुजी, ह्याच्या पुढे पुराणात काय आहे?" मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर.

स्टीफन्स हे जेझुइट पंथाचे इंग्रज धर्मगुरू. ते 1579 साली गोव्यास आले, आणि त्यांचे पुराण 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ओव्या सुमारे 11,000. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली काढलेली देवनागरी आवृत्ती मी मिळवली आणि वाचू लागलो.

प्रथम निराशाच पदरी पडली. मी बायबलचे भाषांतर शोधीत होतो आणि ते तेथे नव्हते. मूळ ग्रंथ चार वाक्यांत आटोपतो तेथे कवी रेंगाळतो, कथा थांबवून तत्त्व समजावून सांगतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर मी पूर्वी चाळले होते. साध्यासुध्या बाईलाही स्वतः वाचून कळावे, ही त्यामागची तळमळ. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. त्या मापाने मोजले तर 'ख्रिस्तपुराण' उणे ठरते. आपल्या समीक्षेनेही बहुधा असेच काहीसे केले: भाषेला गुण दिले आणि आशय बाजूला ठेवला.

माझे माप चुकले होते, हे कळले कोर्लईला. रेवदंड्याची खाडी ओलांडली की हे गाव. 1740 साली पोर्तुगीज गेले. त्यांच्या भाषेतून घडलेली बोली तेथील ख्रिस्ती घरांत अजून नांदते, उपासना मात्र मराठीत चालते. एका स्नेह्याबरोबर मी रविवारच्या मिस्साला मागच्या बाकावर बसलो. त्या दिवशीचे वाचन अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांचे होते. वाटेत भेटलेला अनोळखी सोबती त्यांना शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो. त्यांची अंतःकरणे पेटतात, पण तो कोण हे काही केल्या उमगत नाही. संध्याकाळी तो भाकर मोडतो, आणि त्या क्षणी त्यांना ओळख पटते.

वाचन झाले, प्रवचन झाले आणि लोक भाकर घेण्यासाठी उठले. नुकतीच ऐकलेली कथा माझ्यासमोर घडत होती! कॅथलिक माणूस बायबल वाचतो तो असा. कोणत्या रविवारी काय वाचावे हे तीन वर्षांच्या चक्राने ठरलेले. अर्थ परंपरेने सांगितलेला. आणि त्या अर्थाची पूर्तता संस्कारात. 1965 साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने शास्त्र आणि परंपरा हा एकच ठेवा असल्याचे पुन्हा सांगितले, ते याच अर्थाने.

आमच्या जिते-हमरापूर भागातल्या माणसाला हे समजणे अवघड नाही. येथील कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती महिनोन्‌महिने मांडणीवर असतात. कारागीर त्यांच्यामधून वावरतो, हात कोणी जोडत नाही. चतुर्थीला घरी प्राणप्रतिष्ठा झाली की तीच माती देव होते. अर्थात साम्य येथेच संपते. आपण मूर्तीचे विसर्जन करतो. कॅथलिक श्रद्धेत ती भाकर ख्रिस्ताचे शरीर होते आणि भक्त ती ग्रहण करतो. परंतु वस्तू आणि विधी यांचे नाते आपल्याला परके नाही, एवढे खरे.

या दृष्टीने पाहता स्टीफन्स यांनी 'पुराण' हा शब्द का निवडला, ते कळते. पुराण एकांतात वाचायचे नसते. पोथी असते, पुराणिक असतो, श्रोते असतात आणि शेवटी प्रसाद असतो. ज्याला मी पाल्हाळ म्हणत होतो तो पुराणिकाचा धर्म होता.

तथापि या वाचनपद्धतीची दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अर्थ सांगण्याचा अधिकार एकाच्या हाती गेला की ऐकणाऱ्याचा प्रश्न दबतो. साष्टीतली देवळे 1567 साली पाडली गेली होती. नवख्रिस्त्यांना त्यांच्या जुन्या पोथ्या वर्ज्य झाल्या होत्या. त्या पोकळीतून नव्या पुराणाची मागणी आली, असे ग्रंथाच्या आरंभीच दिसते. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. ज्या भाषेचे गुण गाइले तिचीच ही गत! म्हणून रमाबाईंची वाट मला आजही तितकीच मोलाची वाटते.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' वाचताना वाटते की या दोन वाटा एकमेकींना छेदू शकतात. लिहिणारा धर्मगुरू, परंपरेत मुरलेला. पण मराठी वाचकाला हाताशी धरून मजकुरापाशी नेतो आणि विचार करायला मोकळे सोडतो. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 2024 साली ते गेले.

आता वर्गात स्तुतीच्या ओव्या झाल्या की मी थांबत नाही. दुसऱ्या पुराणातला एखादा प्रसंग मोठ्याने वाचतो आणि मुलांना सांगतो, "आता विचारा." रसिक वाचकांनीही हा ग्रंथ निदान एकदा मोठ्याने वाचावा. तो डोळ्यांसाठी लिहिलेला नाही.