फ्लॉरेन्सचीं चर्चें आणि त्यांच्या दर्शनी भिंती

इटलींतील जुन्या चर्चांचीं वर्णनें वाचतांना तीं जणूं एका दमांत उभीं राहिलीं असें वाटतें. फ्लॉरेन्समध्यें तसें क्वचितच घडलें. तेथील कित्येक मोठीं चर्चें आंतून पुरीं होऊनहि बाहेरून उघड्या दगडांनिशींच शतकेंच्या शतकें उभीं होतीं. दर्शनी भिंतीवर संगमरवर चढवावयाचा तो मागाहून; आणि हें ‘मागाहून’ कधीं उजाडेल याचा नेम नसे. पूर्वजांची अपुरी भिंत हातीं आलेल्या स्थपतीनें काय करावें, हाच आमच्या मतें या शहराच्या वास्तुकलेचा खरा प्रश्न होय.

सांता मारिया नोव्हेल्ला येथें तो लिऑन बात्तिस्ता आल्बेर्तीपुढें आला. खालीं चौदाव्या शतकांतील टोकदार कमानींचे, कबरींचे कोनाडे आधींच बसलेले. आल्बेर्तीची अभिरुचि प्राचीन रोमची. त्यानें जुनें खरवडून काढलें नाहीं, आणि त्याची नक्कलहि केली नाहीं. मध्यें एक रुंद पट्टा घालून त्यावर प्राचीन देवळासारखा त्रिकोणी माथ्याचा मजला चढविला. मधला उंच भाग व बाजूच्या ठेंगण्या ओवऱ्या यांच्यामधील बेढब खांच त्यानें दोन भव्य वेटोळ्यांनीं झांकली. ही युक्ति पुढें दूरवर पसरली. जुन्या गोव्यांतील बॉम जेझू चर्चच्या माथ्याकडे ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ती अनोळखी वाटणार नाहीं. वर रुचेल्लाई या धनिकाचें नांव व १४७० हें साल मोठ्या अक्षरांत कोरलें आहे. देवाच्या दारीं यजमानाचें नांव जरा ठळकच झालें; पण पैसा त्याचा होता!

शहराच्या मुख्य चर्चची कथा वेगळी. त्याचा पाया १२९६ त घातला गेला. अर्ध्यावर राहिलेला जुना दर्शनी भाग १५८७ त पाडण्यांत आला. आजचा भाग एमिलिओ दे फाब्रिस याच्या आराखड्याप्रमाणें १८८७ त पुरा झाला. शेजारचा घंटामनोरा पाहून पांढऱ्या, हिरव्या व तांबड्या संगमरवराचा मेळ घातला आहे, आणि दुरून तो खपूनहि जातो. परंतु जवळ जातां दृष्टीस विसांवा मिळत नाहीं. मनोऱ्यावरील पट्टे त्याची उंची मोजून दाखवितात. येथें मोकळी जागा दिसली कीं तेथें नक्षी, नाहीं तर मूर्ति! आल्बेर्ती जुन्याशीं बोलला. दे फाब्रिसनें जुन्याचा आवाज काढला.

सान लोरेन्झोची भिंत मात्र अद्यापि उघडी आहे. मेदिची घराण्यांतील पोप दहावा लिओ यानें हें काम मायकेल अँजेलोस दिलें. १५१८ त करार झाला, खाणींतून संगमरवर काढविण्यांत त्या कलावंताचीं उमेदीचीं वर्षें गेलीं, आणि १५२० त करारच रद्द झाला. लांकडी नमुना तेवढा शिल्लक राहिला. २०११ त तेथील महापौरांनीं त्या आराखड्याप्रमाणें भिंत पुरी करण्याची कल्पना मांडली. लोकमत घेण्याचीहि भाषा झाली. ती बारगळली, हें आम्हांस इष्ट वाटतें. नमुन्यावरून खांब उभे करितां येतील. त्यांच्यामध्यें ज्या मूर्ति बसावयाच्या होत्या त्या कोण कोरणार? त्याच भिंतीच्या आंतल्या अंगास मायकेल अँजेलोनें पुढें पवित्र अवशेषांसाठीं एक सज्जा केला. तो त्याच्या हयातींतला आहे. बाहेर खडबडीत दगडांचे थर आहेत, आणि त्यांवर ब्रुनेलेस्कीच्या आंतील मांडणीची उंचसखल रेषा स्पष्ट उमटलेली दिसते.