मिरकरवाड्याचा बर्फ

बोलत्या मराठीत बर्फाला शब्द एकच. आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ आणि कारखान्यातून लादीने निघून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर येतो तोही बर्फ. ‘हिम’ आहे, पण तो कवितेत आणि भूगोलाच्या पुस्तकात. सणाच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या मराठी कथेचा विचार करताना या दोन बर्फांपैकी आपल्या कथेने कोणता घेतला, हा प्रश्न मला सोडत नाही.

इंग्रजीत सणाची कथा नाताळाने वाढवली. डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ 19 डिसेंबर 1843 रोजी निघाले आणि पहिल्या 6000 प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. डिकन्सचा जन्म 1812 चा. त्याच्या बालपणीचे हिवाळे कडक होते. 1814 मध्ये तर गोठलेल्या थेम्स नदीवर जत्रा भरली होती. त्या लहानपणीचा गारठा त्याच्या लेखनात उतरला आणि तिथून जगभरच्या भेटकार्डांवर गेला. पण मूळ कथेत थंडी शोभेची नाही. कोळशाचा डबा मालकाने स्वतःच्या खोलीत ठेवला आहे आणि कारकुनाच्या शेगडीत जेमतेम एका कोळशाची धग. दोघांचे नाते सांगायला लेखकाला आणखी काही लिहावे लागत नाही.

हा सणाचा साचा मराठीत आणला काशिनाथ रघुनाथ मित्रांनी. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ विशेषांक पाहून त्यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. म्हणजे आपला दिवाळी अंक हा नाताळ अंकाचा सख्खा धाकटा भाऊ आहे. मात्र धाकट्याने थोरल्याचा ऋतू घेतला नाही. दिवाळी अंकातल्या कथेत दिवाळी क्वचितच असते. याचा मोठा फायदाही झाला, तो मान्य करायला हवा. इंग्रजी नाताळकथेला शेवटी बहुधा कुणाला तरी सुधारावे लागते, कुणाला तरी घरी परत आणावे लागते. आपल्या कथाकारांवर ती सक्ती नव्हती. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या पिढीला नवकथेचे प्रयोग करायला जागा मिळाली. नाताळच्या रात्री भुताची गोष्ट सांगायची इंग्रजी रीत आहे. आपल्याकडे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने गूढकथेला हक्काचे घर दिले.

तोटा झाला तो ऋतूचा. आश्विनातली उकाड्याची दुपार, कापणीची घाई, पहाटेचे दव यांच्यावर कथेचे काही अडते, असे फार थोड्या कथांत दिसते. परदेशस्थ मराठी कथेत खरा बर्फ आला, पण तिथेही तो बहुतेकदा खिडकीबाहेर पडत राहतो आणि आत कुणीतरी एकटे असते. एकटेपणा दाखवायला बर्फ, ही सवय आता थांबली पाहिजे. नाताळलाही मराठीत बर्फाची गरज कधी नव्हती. ख्रिस्ताची कथा फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध केली, ते पुस्तक 1616 मध्ये गोव्यात छापले गेले.

आता मिरकरवाडा. रत्नदुर्गाच्या जवळचे हे बंदर रत्नागिरीच्या मासेमारीचे केंद्र आहे. इथे बर्फ चुरून नौकेच्या पोटात भरला जातो. समुद्रात किती दिवस राहायचे, हे डिझेल आणि बर्फ मिळून ठरवतात. बर्फ विरघळत चालला की वेळ सरत चालली. बांगडा, तारली, म्हाकूळ धक्क्यावर उतरताना त्यांचा भाव त्यांच्या ताजेपणावर, म्हणजे पुन्हा बर्फावर. डिकन्सच्या कोळशाच्या डब्याइतकाच इथला बर्फ माणसांची नाती उघडी करू शकतो: मालक, तांडेल, खलाशी, लिलावाला उभ्या बायका. त्यातच रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी कामाला असतात. हिमालयाच्या देशातला माणूस अरबी समुद्रात बर्फ फावड्याने ओढतो, याहून नेमकी हिवाळी कथा मराठी लेखकाला कुठे मिळणार?

सणाचे म्हणाल तर मिरकरवाड्यात मुसलमान मच्छीमारांची वस्ती मोठी आहे आणि ईद ऋतूला बांधलेली नाही. चांद्र वर्षामुळे ती दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येते. कधी ती ऐन हंगामात पडते, हातात पैसा असताना. कधी पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना. तोच सण, तेच घर, पण वेगळी कथा. नाताळकथेला ही सोय नाही, तिचा डिसेंबर ठरलेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये कोकणातले मुसलमान गाव मराठी कादंबरीत आणले. बंदरावरची ईद तशा ताकदीने लिहिलेली कथा माझ्या वाचनात अजून नाही. मी ती अजून शोधतो आहे.

नाताळचा आठवडाही इथे कोरा जात नाही. 2016 च्या राज्य शासनाच्या आदेशाने पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली. त्यामुळे जगात वर्षअखेरचा जल्लोष चालू असताना 31 डिसेंबर ही इथल्या कित्येक घरांत जाळे उतरवण्याची तारीख असते. त्या तारखेवर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा जुना वादही उभा आहे. वर्षाची अखेर म्हणजे काय, हे इथे कथेला नव्याने सांगता येईल.

संपादकांना माझी विनंती आहे. दिवाळी अंकाच्या कथा साधारण पावसाळ्यात लिहिल्या जातात. समुद्रातली मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची असते. आपल्या एखाद्या तरुण कथाकाराला या जूनमध्ये चार दिवस मिरकरवाड्याला पाठवा. तेव्हा जाळी विणायला घेतलेली असतात, माणसे घरी असतात आणि त्यांना बोलायला वेळ असतो.